कॉईलचा दिवा

किबिथूपर्यंत तीन हजार सातशे किलोमीटर,
शरयूने लिहिलं आणि वहीला रबरबँड लावला.
वही जुनीच. पहिली चार पानं गॅस सिलिंडरची,
मग एक पान सोसायटीच्या टँकरचं,
आणि त्यानंतर एकदम
भारत.

गाडी अकरा वर्षांची, डिझेल.
कन्नमवार नगरात इमारतीखाली उभी,
नाक भिंतीला लावून, शिक्षा केल्यासारखी.
आजवरची तिची सगळ्यात लांब मजल देवरुख.
ढवण म्हणतात, काढून टाका की,
आता डिझेलला कोण विचारतंय?
शरयू म्हणते, तेच विचारायला निघालोय.

कालिन्याचा पास्कल बॉनेटमध्ये कमरेपर्यंत,
आतूनच बोलतो:
पट्टा बदला बाई, लाख झाले,
हा तुटतो तेव्हा सांगून तुटत नाही.
फिल्टर. दोन होज. मागचे टायर.
आणि खालचं डिझेल भरून वर चढू नका,
थिजतं.

थिजतं?

मेणासारखं. मग मारत बसा स्टार्टर.

शरयूला हसू आलं. आमच्याकडे न्हाणीघरातलं खोबरेल
जानेवारीत जेमतेम चार सकाळी थिजतं
आणि तेवढ्यावर आम्ही स्वेटर काढतो.
पण तिने लिहिलं, वरचंच डिझेल,
आणि खाली दोन रेघा मारल्या.

मार्चमध्ये ऐरोलीच्या पुलावर
तीन सेकंद मी कुठेच नव्हतो.
गाडी होती, खाडी होती,
स्टिअरिंगवर माझे दोन्ही हात होते,
मीच तेवढा नव्हतो.
शरयूने बाजूने हात घालून आम्हाला पलीकडे नेलं.
डॉक्टर गोळ्या लिहीत म्हणाले, चालवायचं नाही. दोन वर्षं तरी.
परतताना रिक्षात कोणीच बोललं नाही,
मीटरसुद्धा बंद होता.

मला वाटलं, वही आता माळ्यावर जाईल.
दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर
'चालक' या शब्दाखाली माझं नाव होतं तसंच होतं,
खोडलं नव्हतं.
समोर फक्त लिहिलं होतं: बसणार.
त्याच्या खाली तिचं नाव,
त्याच्यापुढे काहीच नाही.

तेव्हापासून रात्री साडेदहानंतर सराव.
हायवेने ठाणे, घोडबंदर, परत.
ट्रकच्या मागे किती सोडायचं, समोरून अप्पर मारला तर कुठे बघायचं,
तिला सगळं येतं, मी तरी सांगतो.
माझा उजवा पाय, जिथे काहीच नाही तिथे,
ब्रेक दाबतो.
एवढ्या महिन्यांत तिथली मॅट झिजली.
'तुम्ही दाबलंत की गाडी थांबते असं वाटतं का?'
हो.
'मग दाबा. पण जरा कमी.'

माझ्याकडे आता संत्री सोलायचं काम आहे
आणि परमिटसाठीचे चार फोटो,
ज्यात मी चोरासारखा दिसतो.
शिवाय गावं वाचायची. रात्री पाढ्यासारखी म्हणतो,
नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर,
पूर संपले की सिलिगुडी,
मग तेजू, मग वालाँग,
मग ज्याच्यापुढे वहीत रस्ताच नाही ते.
तिथे सूर्य आपल्या कितीतरी आधी उगवतो म्हणे.
म्हणजे आपण पश्चिमेची माणसं
उशीर भरून काढायला चाललोय,
असं मी म्हणालो.
शरयू म्हणाली, मोजे किती जोड घेऊ?

आज रात्री शेवटची फेरी. उकाडा इतका
की सीट पाठीला चिकटते.
तिने किल्ली अर्धी फिरवली.
डॅशबोर्डवर कॉईलचा नारिंगी दिवा.
मुंबईत थांबायची गरज नसते,
किल्ली मारली की इंजिन लागतं.
तरी अकरा वर्षं मी तिला सांगत आलो,
थांब, विझू दे,
आणि अकरा वर्षं ती थांबली नाही.

आज मी काही बोललो नाही.
ती दिव्याकडे बघत बसली.
एक. दोन.
माझा पाय मॅटवर उचलून धरलेला.

दिवा विझला. गाडी खोकली, मग लागली,
सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी,
आणि वर ढवणांच्या खिडकीत
एक दिवा लागला.